लाल केलेली ओळ

प्रिय आई,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू ते आधी बाजूला ठेवशील, हातातलं काम संपवशील आणि मग ताईला वाचून दाखवायला सांगशील. या वेळी तसं करू नकोस. हे तू स्वतः वाच, चष्मा लावून, घरात कुणी नसताना. नंतर ताईला दाखवलंस तर माझी हरकत नाही. मी हे तिसऱ्यांदा लिहितो आहे. पहिल्या वेळी इतकी खाडाखोड झाली की वाचवेना. दुसऱ्या वेळी एकही खोड नव्हती, आणि ते वाचून मलाच वाटलं, हा मुलगा काहीतरी लपवतो आहे. म्हणून या खेपेला जे खोडलं ते तसंच राहू दिलं आहे.

फोनही केले, चार वेळा. दर वेळी ताई म्हणाली, आईच्या हातात सुई आहे. दीड वर्षं माझा फोन आला की तुझ्या हातात सुईच असते, ते मला कळतं, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मागच्या आठवड्यात ताई हळूच म्हणाली, सुई आहे रे हातात, पण दोरा ओवलेला नाही. तू टेबलाशी बसतेस आणि नुसती बसतेस. गिऱ्हाईक आलं की पुढच्या आठवड्यात या म्हणतेस. आणि चार तारखेला दुपारी, ताई कामावर गेलेली असताना, तू तुझी ती 'मापाबाहेर' नावाची साइट स्वतःच्या हाताने बंद केलीस. का, ते विचारलं तर म्हणालीस, शिंपिणीने शिवावं, लिहू नये.

ताईने मला सगळं पहिल्यापासून सांगितलं. बाबा गेल्यानंतर, मी घरात नसताना, सुट्टीच्या दिवशी तुम्ही दोघी कशा बसायचात, तू कशी बोलायचीस आणि ती कशी टाइप करायची, आणि मग वर्षभरात तूच एका बोटाने कशी टाइप करायला शिकलीस. मी हं हं म्हणत ऐकून घेतलं. मग तिने मुद्द्याची गोष्ट सांगितली. फुकटच्या जागेवर उभी केलेली साइट मालकाने बंद केली, तर ती जागा देणारे ती तीस दिवस जपून ठेवतात आणि मग कायमची पुसतात. मी तो नियम शोधून तीन वेळा वाचला. तो तसाच आहे. आज एकोणीस तारीख. पत्र पोहोचायला चार दिवस धरले, तर तुझ्या हातात दहा-अकरा दिवस उरतात. पासवर्ड तुझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही. तेवढ्या दिवसांत तू ते दार पुन्हा उघडलं नाहीस, तर नंतर मी, ताई किंवा आणखी कुणीही काही करू शकणार नाही. ही घाई नसती तर एवढं लिहायचा धीर मला आणखी वर्षभर झाला नसता.

पण आधी माझ्या कामाबद्दल. तू कधी विचारलं नाहीस, मीही सांगितलं नाही. ताईला तर मी कॉम्प्युटरवर काहीतरी करतो एवढंच ठाऊक आहे. आमचं ऑफिस म्हणजे किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावरची एक लांबट खोली. सात टेबलं, एक खिडकी, खिडकीतून समोरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या दिसतात. खालून दिवसभर कानस घासल्याचा आवाज येतो. सुरुवातीला माझ्या दातांना कळ यायची, आता तो आवाज थांबला की चुकल्याचुकल्यासारखं होतं. खालचा किल्लीवाला मला 'काय साहेब, किती कुलपं लावली आज' असं विचारतो, कारण निघताना मी ऑफिसचं कुलूप ओढून बघतो, जिना उतरतो आणि परत वर जाऊन ओढून बघतो. तुला हे नवीन नाही.

काम असं आहे. एखाद्या दुकानाची इंटरनेटवर साइट असते. दुसऱ्या कुणी आपल्या साइटवर त्या दुकानाचा दुवा दिला, तर शोधून देणाऱ्या यंत्राला वाटतं, चार लोक याचं नाव घेतात, म्हणजे दुकान बरं असणार. मग ते त्याला वर दाखवतं. माणसं जशी एकमेकांना सांगतात ना, पँटची चेन त्याच्याकडून घे, टिकते, तसंच. पण जिथे चार लोकांच्या तोंडाला किंमत आली तिथे भाड्याची तोंडंही आली. हजारो खोट्या साइट उभ्या राहिल्या, ज्यांचं काम एकच, पैसे देईल त्याचं नाव घेणं. यंत्राच्या हे लक्षात आलं की ते त्या दुकानालाच शेवटच्या पानावर नेऊन बसवतं. मग दुकानदार डोक्याला हात लावून आमच्याकडे येतो. आम्ही त्याच्याकडे येणारे सगळे दुवे उतरवून काढतो आणि एकेक साइट उघडून ठरवतो, ही खरी की खोटी. खोट्यांना दुवा काढा म्हणून कळवायचं, आणि जे काढत नाहीत त्यांची नावं एका यादीत घालून यंत्राला सांगायचं, यांचं बोलणं आमच्या हिशोबात धरू नका.

दोन महिन्यांपूर्वी आमच्याकडे बटणवाले आले. तेच, ज्यांच्या पिवळ्या पुड्या तुझ्या टेबलाच्या डाव्या खणात असतात. त्यांच्या मुलाने कुणाच्या तरी नादी लागून दुवे विकत घेतले होते आणि तीन महिन्यांत त्यांचं दुकान कुठल्या कुठे गेलं होतं. यादी माझ्याकडे आली. तीन हजार आठशे बारा साइट.

आमच्या वरच्या माणसाला सगळे मुकादम म्हणतात, तोंडावरसुद्धा, आणि त्याला ते आवडतं. त्याने नियम घालून दिले होते. साइट कुणाची आहे ते नाव दिलं आहे का? पत्ता आहे का? लिखाणावर तारीख आहे का? एकाच पानावरून किती जणांचे दुवे दिले आहेत? खाली जाहिराती कसल्या आहेत? पाचांपैकी तीन उत्तरं वाईट आली की यादीतली तिची ओळ लाल करायची आणि पुढे जायचं. बाकीचे दिवसाला दोनशे साइट बघायचे. मी साठ. मी प्रत्येक साइट उघडायचो, मागचं-पुढचं वाचायचो, बंद करायचो आणि लाल करायच्या आधी परत उघडायचो. मुकादम माझ्या खुर्चीमागे उभा राहून म्हणाला, शितावरून भाताची परीक्षा करतात बाबा, तू अख्खं पातेलं मोजायला बसलास.

पण मला भीती वाटायची. खऱ्याला खोटं म्हटलं तर, ही एक. खोट्याला खरं म्हणून सोडलं तर, ही दुसरी. आणि आई, सगळ्यांत वाईट गोष्ट ही की खोट्या साइट दिसायला फार चांगल्या असतात. पांढऱ्याशुभ्र. वर हसणाऱ्या बाईंचा फोटो, खाली नाव, पदवी, पत्ता, फोन, तारीख, सगळं जिथल्या तिथे. एका साइटवर त्या बाई दातांच्या डॉक्टर होत्या, दुसरीकडे घराचं छप्पर गळतं त्यावर सल्ला देत होत्या, तिसरीकडे कुत्र्याच्या आहारावर. फोटो तोच, नावं तीन. किडनीतल्या खड्यांवरच्या लेखात मध्येच 'स्वस्त आणि टिकाऊ चेन' असे शब्द, आणि त्यांच्यावर बोट ठेवलं की बटणवाल्यांचं दुकान. वाक्यं गुळगुळीत, एकही चूक नाही, आणि पाच मिनिटं वाचून हातात काही नाही.

माझ्या शेजारच्या टेबलावर एक बाई बसतात. जन्मभर ग्रंथालयात काम केलं, निवृत्त झाल्या, घरी करमेना म्हणून आल्या. त्यांना आम्ही ग्रंथपालबाई म्हणतो. मी एकदा त्यांना विचारलं, तुम्ही कसं ओळखता? त्या म्हणाल्या, नियम मीही पाळते, पण एक गोष्ट जास्तीची बघते. लिहिणारा कुठे 'हे मला माहीत नाही' म्हणतो का, 'इथे माझं चुकलं होतं' म्हणतो का. विकत घेतलेल्या तोंडाला ते परवडत नाही. मी ते एका कागदावर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवलं. ते वाचलं की मला माझं स्वतःचं काय आठवायचं ते तुला सांगायला नको, पण आज सांगतो.

ते वर्ष. मी सव्वाआठला दप्तर घेऊन निघायचो, आणि कॉलेजची पायरी चढलो ते जेमतेम दोन महिने. पहिल्या परीक्षेत तीन विषय गेले आणि नंतर त्या वर्गात बसायची मला लाज वाटायला लागली. मग मी वाचनालयात जायचो, तिथून नदीच्या पुलावर, तिथून परत वाचनालयात. भिंतीवर मी वेळापत्रक लावलं होतं, आठवतं? तीन रंगांच्या शाईत. प्रॅक्टिकलची वही मी दर आठवड्याला भरायचो, सरांच्या सह्या मीच करायचो. आणि ती गुणपत्रिका. ती करायला मला चार दिवस लागले. कागदाचा रंग, शिक्का, बेरीज, सगळं बरोबर होतं. त्यात चुकलेलं काहीच नव्हतं. ताई फीची पावती आणायला गेली नसती तर तुला कधी कळलंही नसतं. तू ओरडली नाहीस. कुणाचा तरी कोट उसवत होतीस, तो उसवत राहिलीस, आणि मान वर न करता म्हणालीस, "फसवा निघालास तू. तुझ्या शब्दावर मी आता कापड कापायची नाही." त्यानंतर आठवड्याने मी घर सोडलं. हसणाऱ्या बाईची एकेक साइट लाल करताना मला वाटायचं, मी त्या गुणपत्रिकेच्या नातेवाइकांना पकडतो आहे.

आता पत्राबद्दल. खोट्या साइटवाल्यांना दुवा काढा म्हणून जे पत्र पाठवायचं, ते पूर्वी मुकादम लिहायचा. त्यात इतक्या चुका असायच्या की कुणी ते मनावर घेत नसे. एक दिवस माझं टिपण बघून तो म्हणाला, अरे, तुझं शुद्धलेखन तर मास्तरांसारखं आहे, तूच लिही, जरा जरब बसेल असं. मी दोन दिवस घालवून ते लिहिलं. ऱ्हस्व-दीर्घ कोशात बघून लावलं. वाचून मुकादमाने ते सगळ्या टेबलांना पाठवलं आणि म्हणाला, याला म्हणतात पत्र. शाळा सुटल्यापासून माझ्या लिहिण्याचं कुणी कौतुक केलं नव्हतं. मी ते पुन्हापुन्हा काढून वाचायचो. खाली सही म्हणून माणसाचं नाव नव्हतं. 'दुवे तपासणी विभाग' एवढंच. तो विभाग म्हणजे मी आणि माझी खुर्ची.

ताईने ते पत्र मला फोनवर वाचून दाखवलं. म्हणाली, तू त्याच लायनीत आहेस ना, शोध तो मेला कोण आहे. मग वाचायला लागली. "आमच्या तपासणीत आपले संकेतस्थळ फसवे आढळून आले आहे. आपण आपली ओळख व पत्ता हेतुपुरस्सर लपवल्याचे दिसते. सात दिवसांच्या आत दुवे न हटवल्यास आपल्या संकेतस्थळाची नोंद फसवणूक करणाऱ्यांच्या यादीत करण्यात येईल." 'हेतुपुरस्सर'ला ती अडखळली. मी तो शब्द पुरा केला. तिच्या ते लक्षात आलं नाही. तिला वाटलं, तिच्या घाबऱ्या वाचनातून मी अंदाज बांधला. मग म्हणाली, आईने हे किती वेळा वाचलं असेल कोण जाणे, आणि 'फसवे' या शब्दावर बोट ठेवून ती मला म्हणाली, बघ, मलाही म्हणणारं कुणीतरी निघालंच. मी ताईला म्हटलं, बघतो. फोन ठेवला.

ते पत्र मी लिहिलं होतं, आई. आणि तुझ्या साइटला ते मीच पाठवलं. ओळ क्रमांक दोन हजार एकशे चव्वेचाळीस. नाव नाही, पत्ता नाही, एकाही पानावर तारीख नाही. 'सामान कुठे मिळेल' या एका पानावर एकशे सत्तर दुकानांचे दुवे. फुकटच्या जागेमुळे खाली जुगाराची जाहिरात, जी तू लावली नव्हतीस आणि काढूही शकत नव्हतीस. पाचांपैकी पाच उत्तरं वाईट. पत्ता नसल्यामुळे पत्र पाठवायलाही जागा नव्हती. फक्त प्रत्येक पानाच्या खाली एक चौकट होती, 'अडलं तर लिहा'. अडलेल्यांसाठी ठेवलेल्या त्या चौकटीतून मी ते आत टाकलं.

नियमाप्रमाणे पाहिलं तर यात कुणी मला चूक म्हणणार नाही. मुकादम अजूनही म्हणत नाही. पण आता मला कळतं, तू नाव का घातलं नव्हतंस. लहानपणी एकदा मी पाहुण्यांसमोर वरच्या मजल्यावरच्या आजींचं कमरेचं माप सांगून टाकलं होतं, वहीतून वाचून. सगळे हसले. पाहुणे गेल्यावर तू मला समोर बसवलंस आणि सांगितलंस, माप हे माणसाने आपल्यापाशी ठेवायला दिलेलं असतं, ते परत त्यालासुद्धा मोठ्याने सांगायचं नाही. तुझ्या साइटवरचं प्रत्येक पान म्हणजे कुणाचं तरी माप होतं. पाठीला बाक आलेले एक गृहस्थ, त्यांचा शर्ट मागून वर चढतो, तर मागचा भाग किती लांब ठेवायचा. चाकाच्या खुर्चीत बसणारी बाई, तिच्या पँटची कंबर मागे उंच, पुढे उतरती. एक हात नसलेला माणूस, त्याची बाही टाचून टाकू नका, त्याला विचारा. तू तुझं नाव आणि गाव घातलं असतंस तर गल्लीतल्या लोकांनी एका दिवसात ओळखलं असतं, बाक कुणाचा आणि बाही कुणाची. त्यांची अब्रू राखायला तू बिननावाची राहिलीस. मी बिननावाचा राहिलो तो मला कुणी उलट विचारू नये म्हणून. आणि वर तुलाच विचारलं की नाव का लपवलंस.

आणि ग्रंथपालबाईंची ती जास्तीची खूण तर तुझ्या पानापानावर होती. 'ही युक्ती माझ्या हातून दोनदा फसली, आधी जुन्या चादरीवर करून बघा.' 'मखमलीवर हे चालेल का, मला माहीत नाही, कुणी केलं तर कळवा.' बटणवाल्यांच्या चेनबद्दल तर तू लिहिलं होतंस, 'टिकते, पण पहिल्या धुण्यानंतर अडकते, मेण लावा.' पैसे घेऊन नाव घेणारा कधी असं लिहील का?

अकरा तारखेला बटणवाल्यांचा फोन आला. मुकादमाने स्पीकर लावला. ते म्हणाले, तुम्ही खोटे साफ केलेत ते ठीक, पण ज्या एका दारातून माझ्याकडे रोज पाच-सहा खरी माणसं येत होती, नेमकी वस्तू मागत होती, ते दारच बंद झालंय, ते कुणी केलं? मुकादमाने माझ्याकडे बघितलं. मी उभा राहिलो आणि सांगितलं की ओळ माझी आहे. मग मी ते नाव नाकारायच्या यादीतून काढलं, ओळ हिरवी केली, आणि चौकटीतून माफीचं पत्र पाठवायला गेलो तर चौकटच नव्हती. साइटच्या जागी एक करडं पान होतं. मुकादम म्हणाला, आता हिरवी करून काय उपयोग, दार तर आतून लावलंय. तो वाईट माणूस नाही. पत्रं लिहायचं काम मीच त्याला परत दिलं. आता पत्राखाली लिहिणाऱ्याचं नाव जातं. तेवढं त्याने ऐकलं.

त्या फोननंतर बटणवाल्यांनी एका बाईंची मेल आमच्याकडे पाठवली. त्यांच्या दुकानाचं नाव तुझ्या पानावर होतं, म्हणून त्या बिचारीने त्यांनाच लिहिलं होतं. तिची मुलगी अकरा वर्षांची आहे. पाठीचा कणा वाकडा, म्हणून दिवसाचे तेवीस तास कडक पट्टा घालते. पट्ट्यावर कुठलाच फ्रॉक बसत नाही. पुढच्या महिन्यात बारा तारखेला शाळेत तिला स्टेजवर गायचं आहे, आणि तिने आईला बजावलं आहे, पट्टा दिसला तर मी गाणार नाही. तुझं पान वाचून या बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा कात्री हातात घेतली. पाठीचा भाग कापून झाला. पुढचा भाग दुसऱ्या दिवशी कापायचा होता. दुसऱ्या दिवशी पान नव्हतं. त्यांनी लिहिलं आहे, 'त्या ताईंना काही झालं का? त्या बऱ्या आहेत ना? पुढचे टक कुठून घ्यायचे तेवढं कळलं असतं तर बरं झालं असतं.'

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते. मुकादमाला मी सांगितलं की साइट कुणाची ते मला माहीत नव्हतं. ताईला तर वाटतं, या साइटबद्दल मला तिच्याकडूनच कळलं. पण मला माहीत होतं. लाल करायच्या आधी मी तुझी साइट पूर्ण वाचली होती, आणि त्यात एक पान होतं, 'उतरता खांदा'. 'एक मुलगा आहे,' तू लिहिलं होतंस, 'त्याचा डावा खांदा उजव्यापेक्षा पाऊण इंच खाली आहे. त्याला हे ठाऊक नाही. सात वर्षांचा असल्यापासून मी त्याच्या डाव्या खांद्याच्या शिवणीत अस्तराच्या तीन घड्या घालते, म्हणजे आरशात तो स्वतःला सरळ दिसतो. कळलं तर दिवसभर तोच खांदा उचलत बसेल, तसल्या स्वभावाचा आहे. आता तो माझ्याकडचे कपडे घालत नाही. विकतच्या शर्टात त्याची कॉलर सरकत असेल.' मी त्या दिवशी तू शिवलेला निळा शर्ट घातला होता. उठलो, हात धुवायच्या जागी गेलो, बोटाने डावी शिवण चाचपली. तीन घड्या होत्या. आणि मला रडू यायच्या ऐवजी राग आला. मला फसवा म्हणणारी हीच, आणि मी जन्मभर हिच्याच शिवणीत फसत आलो, असं काहीतरी डोक्यात आलं. मी जागेवर परत आलो, ओळ लाल केली, पत्र चौकटीत चिकटवलं, पाठवायच्या आधी शुद्धलेखन एकदा तपासलं आणि पाठवलं. नियमांच्या आड उभं राहून मी तुला तो शब्द परत केला. ही चूक नव्हती, आई. ही मी केलेली गोष्ट आहे, आणि ती तू ताईकडून नाही, माझ्याकडून ऐकावीस म्हणून हे पत्र. माफी मी आज मागत नाही. मागितली तर तुला आधी माझा विचार करावा लागेल, आणि तेवढा वेळ नाही. त्या बाईंच्या मेलची प्रत याच पाकिटात घातली आहे, शेवटी त्यांचा फोन नंबर आहे. साइट उघडायची की नाही ते तू ठरव. पण त्यांच्या घरी टेबलावर अर्धा कापलेला फ्रॉक पडला आहे, आणि उरलेल्या कापडाला हात लावायचा त्यांना धीर होत नाही. माझ्याशी कधी बोलायचं ते नंतर बघू. आधी त्यांना फोन कर.

तुझाच,
धाकटा